फुलांचे सोवळे

देवपूजेची फुले वेचून आणण्याचे काम आमच्या घरी मुलांकडे असे. परडी भरून आणली म्हणजे काम संपले, असे मात्र नव्हते. आई एकेक फूल देठाशी धरून उलटे करी, डाव्या तळहातावर हलकेच झटकी आणि मगच तबकात ठेवी. किडलेले फूल देवाला चालत नाही, हुंगलेले चालत नाही, प्राजक्त-बकुळीखेरीज भुईवर पडलेले चालत नाही, हे नियम आम्हां भावंडांस पाढ्यांप्रमाणे पाठ होते. तळहातावर पडलेला बारीकसा किडा फुंकून टाकताना आई एवढेच म्हणे, "दुसऱ्याच्या हाती द्यायची वस्तू आपण आधी पाहून घ्यावी."

पुढे मी मॅट्रिक होऊन मास्तरकी पत्करली, छत्तीस वर्षे मुलांकडून शब्दरूपे आणि धातू घोकून घेतले आणि निवृत्त होऊन घरी बसलो. आईचे ते फूल झटकणे विस्मृतीच्या अडगळीत पडले होते. ते पुन्हा दृष्टीस पडले ते देवघरात नव्हे, तर माझ्या पुतण्याच्या गुलाबांत.

आमचे एकत्र कुटुंब तळेगाव दाभाड्याचे. मावळातील थंड हवा गुलाबाला मानवते, म्हणून गेल्या काही वर्षांत या भागात हरितगृहे पुष्कळ उभी राहिली. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळानेही तळेगावी फुलांसाठी एक स्वतंत्र क्षेत्र राखले. फेब्रुवारीच्या 14 तारखेस पाश्चात्त्य देशांत प्रेमिकांचा जो दिवस पाळतात, त्याच्या आधी पंधरा दिवस येथून लाल गुलाबांची खोकी विमानाने परदेशी रवाना होतात. माझ्या धाकट्या बंधूंच्या चिरंजीवांनी वडिलोपार्जित जमिनीत असेच एक हरितगृह उभारले आहे. इंग्रजी कागदपत्रे वाचण्याची मला सवय, म्हणून हंगामात त्यांची लिहिण्याची बाजू मी सांभाळतो.

पहिल्याच दिवशी तेथील बांधणीच्या खोलीत मी जे पाहिले त्याने थबकलो. एक मुलगी जुडीतील गुलाब उलटा धरून पांढऱ्या कागदावर ठपठप झटकीत होती आणि कागदावर काही हलते का ते भिंगातून न्याहाळीत होती. कृती अगदी आईची. फक्त तळहाताच्या जागी कागद आला होता आणि देवाच्या जागी परदेशचा अधिकारी.

"तात्या, त्या कागदावर आमचे सारे वर्ष अवलंबून असते," पुतण्या म्हणाला.

या वाक्याचा अर्थ मला 2019 साली कळला. त्या फेब्रुवारीत आमची बारा खोकी एका परदेशी विमानतळावर अडली. तेथील तपासनिसाने एक खोके उघडले, फूल झटकले आणि त्याला जिवंत फुलकिडे सापडले. बाराही खोकी नष्ट करण्यात आली. फुलांचे मोल गेले, विमानाचे भाडे गेले, आणि नष्ट करण्याचा खर्चही आमच्याच माथी आला. पुतण्या दोन दिवस नीट जेवला नाही. मी त्याला जवळ बसवून चांगले तासभर समजाविले, की बाबा रे, त्या अधिकाऱ्यावर राग धरू नकोस, त्याने आपल्या देशाचे रक्षण केले. चूक आपल्या दाराशी आहे, ती तेथेच शोधू. उपदेश चांगला होता. तो कोणाला लागू पडावयाचा होता, हे पुढे येईलच.

एवढ्याशा किड्यासाठी इतका कडकपणा का, असा प्रश्न वाचकांच्या मनात येईल. तो माझ्याही आला होता. फुलकिडा लांबीने जेमतेम एक-दीड मिलिमीटर. पाकळ्यांच्या बेचक्यात तो असा दडून बसतो, की नुसत्या डोळ्यांना दिसूच नये. त्याची मादी आपली अंडी पानाच्या पृष्ठावर घालीत नाही. ती पानाच्या किंवा पाकळीच्या आत, गरात रोवते. म्हणजे अंडी झटकून पडत नाहीत आणि धुऊन जात नाहीत. शिवाय हा किडा नुसता रस शोषून थांबत नाही. टोमॅटो, मिरची, भुईमूग अशा कितीतरी पिकांना मारक असे काही विषाणू काही जातींचे फुलकिडे एका झाडावरून दुसऱ्या झाडावर नेतात. त्यात मौज अशी, की हा विषाणू किडा बाल्यावस्थेत ग्रहण करील तरच मोठेपणी तो त्याचा प्रसार करू शकतो. बाळपणीचा संस्कार जन्मभर पुरतो, हे मी वर्गात हजार वेळा सांगितले असेल. ते किड्यांनाही लागू असेल अशी मात्र कल्पना नव्हती!

उत्तर अमेरिकेच्या पश्चिम भागात मुळात राहणारा फुलकिड्यांचा एक प्रकार 1970 ते 1980 या दशकाच्या अखेरीपासून शोभेच्या झाडांच्या व फुलांच्या व्यापाराबरोबर जगभर पसरला. 1983 साली तो हॉलंडमध्ये आढळला आणि पुढे युरोपातील हरितगृहांना त्याने त्राही भगवान करून सोडले. औषधे मारून मारून तो औषधांनाही पुरून उरू लागला. आपल्याकडचे उदाहरण घ्यावयाचे तर आग्नेय आशियातील एक फुलकिडा 2015 साली बंगळूरकडे पपईवर आढळल्याची नोंद झाली, आणि 2021 साली त्यानेच आंध्र व तेलंगणातील मिरचीच्या शेतांचा असा फडशा पाडला, की कित्येक शेतकऱ्यांनी उभे पीक उपटून टाकले. बाहेरून आलेल्या जिवाला नव्या मुलखात त्याचे जुने शत्रू भेटत नाहीत, म्हणून तो मोकाट वाढतो. पुण्याभोवती 1956 च्या सुमारास नोंदले गेलेले गाजरगवत आज आपल्या प्रत्येक गावाच्या वेशीवर उभे आहे. त्याहून निराळा दाखला तो कोणता द्यावा?

या दुःखातूनच जगाने शहाणपण घेतले. 1860 नंतर अमेरिकेतील द्राक्षवेलींबरोबर मुळांवर जगणारी एक सूक्ष्म कीड फ्रान्सात शिरली आणि तेथील द्राक्षमळे उद्ध्वस्त झाले. तेव्हा युरोपातील काही राष्ट्रांनी 1878 साली बर्न येथे एकत्र येऊन करार केला. 1951 साली वनस्पतिसंरक्षणाचा आंतरराष्ट्रीय करार झाला. हिंदुस्थानात घातक किडींसंबंधीचा कायदा 1914 साली झाला आणि आयातीच्या नियमांचा सविस्तर आदेश 2003 साली निघाला. निर्यातीच्या मालाबरोबर सरकारी खात्याचा जो आरोग्यदाखला लागतो, ज्याला आमच्याकडील शेतकरी नुसते 'फायटो' म्हणतात, तो या साऱ्या परंपरेचे फळ होय.

तथापि दाखला आणि तपासणी यांनी सर्व काही साधते असे समजणे भोळेपणाचे ठरेल. शेवंतीवर पांढरा तांबेरा नावाचा एक बुरशीजन्य रोग पडतो. तो मूळचा पूर्व आशियातला. बुरशी पानात शिरल्यावर तिचे फोड बाहेर दिसावयास आठवडा-दहा दिवस लागतात. तोवर पान निरोग्यासारखे हिरवेगार. आता सांगा, विमानतळावरचा अधिकारी कितीही डोळस असला, तरी जे अद्याप दिसतच नाही ते त्याने पाहावे कसे? शिवाय शेकडो खोक्यांतून तो काही निवडकच उघडू शकतो. मिथिल ब्रोमाइड वायूची धुरी देण्याचा उपाय आहे. परंतु तो वायू आकाशातील ओझोनच्या थराला घातक, म्हणून 1987 च्या माँट्रियल करारानंतर त्याचा इतर वापर टप्प्याटप्प्याने बंद होत गेला आणि अशा विलगीकरणाच्या कामापुरतीच त्याला सूट राहिली. त्यातून कित्येक फुले त्या धुरीने काळवंडतात व फुलदाणीत लवकर मान टाकतात. थंडीने किडे मरत नाहीत. गारठून स्वस्थ बसतात, आणि ऊब मिळताच हिंडू लागतात.

म्हणून या शास्त्रातील जाणत्यांचा कल आता असा झाला आहे, की फुलाची शुद्धता वेशीवर शोधू नये, ती उगमाशी सांभाळावी. एकाच मोठ्या उपायावर न विसंबता लहानलहान उपायांची साखळी करावी. एक कडी निसटली तरी दुसरीने धरून ठेवावे. आमच्या पुतण्याने 2019 नंतर हीच साखळी अंगवळणी पाडली. हरितगृहाला दोन दारे, एक लागल्याखेरीज दुसरे उघडावयाचे नाही. झरोक्यांना बारीक जाळी. भोवतालचे तण उपटलेले, कारण हंगाम नसता किडे तणावरच दिवस काढतात. ओळींतून चिकट निळी आणि पिवळी पट्टे टांगलेले. निळ्या रंगाकडे फुलकिडे ओढले जातात, पिवळ्याकडे मावा आणि पांढरी माशी. दर आठवड्यास त्यांवरील किडे मोजून वहीत आकडा मांडावयाचा, आणि तो चढू लागला तरच औषधाचा विचार. तेही एकच औषध पुनःपुन्हा नव्हे. उमललेले फूल झाडावर राहू द्यावयाचे नाही, कारण ते किड्यांचे माहेरघर. तोड कळीतच. नंतर खालची पाने काढणे, प्रतवारी, पांढऱ्या कागदावरची झडती, शीतगृह, आणि बंद खोकी. बांधलेले खोके पुन्हा उघड्यावर ठेवावयाचे नाही. आमच्या आजीच्या सोवळ्याची मला आठवण झाली: धुतलेले लुगडे वाळत घातले की त्याला कोणी शिवावयाचे नाही. फरक इतकाच, की येथे प्रत्येक नियमाचे कारण भिंगातून दाखविता येत होते.

यांतला एक नियम असा, की बाहेरचे फूल आत आणावयाचे नाही. 2022 च्या जानेवारीत, कामावर येणारी एक बाई अंबाड्यात शेवंतीचे फूल माळून आत आली. मी दारातच अडविले. ती बिचारी हसून म्हणाली, "मास्तर, देवळातलं फूल हाय, एकच तर हाय." मी मास्तरी आवाजात उत्तरलो, "बाई, किड्याला देवाचे आणि माणसाचे कळत नाही. आणि एकच फूल पुरते." तिने मुकाट्याने फूल काढून बाहेर ठेवले. संध्याकाळी घरी हे मी मोठ्या अभिमानाने सांगितले होते.

आता माझ्या कथेतील ती गोष्ट, जी लिहावी की न लिहावी याचा मी वर्षभर विचार केला.

माझा थोरला मुलगा ऑस्ट्रेलियात मेलबर्न येथे असतो. 2023 च्या फेब्रुवारीत त्याच्या मुलाची, माझ्या नातवाची, मुंज तेथे करण्याचे ठरले. बटूला उपदेश करावयाचा तो आजोबांनीच, असा सर्वांचा आग्रह. निघण्याच्या पहाटे मी परसातली शेवंतीची सात फुले, तुळशीच्या मंजिऱ्या आणि दूर्वांची एक जुडी कर्दळीच्या पानात गुंडाळून पूजेच्या पितळी डब्यात ठेवली. आईच्या हातच्या शेवंतीचा तो वेल-वाफा. नातवाच्या मुंजीत आपल्या घरचे एक फूल तरी असावे, एवढीच इच्छा.

विमानात उतारूंना एक पत्रक भरावयास देतात. त्यात वनस्पती किंवा वनस्पतींचे भाग जवळ आहेत काय, असा स्वच्छ प्रश्न होता. मी 'नाही' या चौकटीत खूण केली.

शेजारून आमचे कुटुंब म्हणाले, "अहो, त्या डब्यात फुले आहेत ना?"

"ती देवाची फुले," मी म्हणालो. "निर्माल्य होणारी वस्तू. तिला वनस्पती कोण म्हणतो?"

जन्मभर तर्कसंग्रह शिकविलेल्या माणसाने असा हेत्वाभास करावा! ती काही बोलली नाही. फक्त खिडकीकडे तोंड फिरविले. छत्तीस वर्षांच्या शाळेपेक्षा संसार अधिक वर्षांचा असल्याने तिच्या न बोलण्याचा अर्थ मला कळत होता.

उतरल्यावर रांगेत उभा राहिलो. रांग हळूहळू पुढे सरकत होती आणि माझ्या हातातील पत्रक घामाने ओलसर होत होते. तेवढ्यात मला त्या अंबाड्यातील शेवंतीची आठवण झाली. तीच शेवंती, तेच देवाचे नाव, आणि तेच 'एकच तर आहे'. तिला दारात अडविणारा मी, आणि दुसऱ्याच्या दारातून चोरून आत शिरणाराही मीच. चार दिवसांनी आठ वर्षांच्या पोराला मांडीशी घेऊन नेहमी खरे बोलावे म्हणून सांगावयाचे होते, ते कोणत्या तोंडाने? बारा खोकी गेली तेव्हा पुतण्याला तासभर ऐकविलेला उपदेशही आता शब्दशः ऐकू येऊ लागला.

माझी पाळी आली तेव्हा मी प्रथम डबाच पुढे केला. म्हणालो, "मी पत्रकात खोटे लिहिले आहे. यात फुले आहेत." अधिकारी एक तरुण स्त्री होती. तिने माझ्याकडे पाहिले, पत्रकावरील खूण माझ्याकडूनच दुरुस्त करून घेतली आणि मला बाजूच्या मेजापाशी नेले. सामान तपासण्याआधी स्वतः सांगितल्यामुळे दंड झाला नाही. झाला असता तरी तो न्याय्य होता.

तिने शेवंतीचे एक फूल उचलले, उलटे केले आणि पांढऱ्या तबकावर हलकेच झटकले. मग भिंग माझ्या हाती दिले. गवताच्या कुसळाएवढे दोन फिकट पिवळसर किडे तबकावर चालत होते. ज्या फुलांना मी पहाटे देवासाठी निवडले, ती मी झटकलीच नव्हती. आईने परडी परत केली असती.

"हे आमच्याकडे आधीच असलेले असतील किंवा नसतील," ती इंग्रजीत म्हणाली. "ते येथे उभ्याउभ्या ठरविता येत नाही, म्हणून आत सोडता येत नाही." फुले, मंजिऱ्या आणि दूर्वा तिने एका पिशवीत बंद केल्या, डबा पुसून परत दिला. तिच्या बोलण्यात उपहास नव्हता, आणि त्यामुळेच मला अधिक लाज वाटली.

मुंजीची फुले मुलाने तेथील बाजारातून आणली. त्यांत केनियातून आलेले गुलाब होते. दुकानदार बोलका होता. त्याने सांगितले, की परदेशी फुलांबरोबर जिवंत किडे फार येऊ लागल्यामुळे 1 मार्च 2018 पासून त्या देशाने नियम बदलले. किडे आमच्या दारात मारू असे न म्हणता, माल निघण्यापूर्वी तुमच्याकडेच त्यांचा बंदोबस्त करा, असे पाठविणाऱ्या देशांस कळविले. हरितगृहापासून खोक्यापर्यंतच्या उपायांची मान्य साखळी, किंवा निघण्याआधी धुरी, किंवा दुसरा मान्य उपाय, यांपैकी एक हवेच. केनिया, कोलंबिया आणि इक्वेडोर या देशांतील मालाला तर 2019 च्या सप्टेंबरपासून आयातीचा परवानाही लागू लागला. मला ते नवे नव्हते. आमच्या तळेगावच्या वहीतील आकडेच मी जणू दुसऱ्या टोकाकडून वाचीत होतो.

एक गोष्ट मात्र नवी होती. त्या गुलाबांतील एका देठाचे कलम मुलाच्या अंगणात लावावे असे माझ्या मनात आले. दुकानदार हसला. गुलाब, शेवंती, कार्नेशन यांसारखी देठापासून रुजणारी फुले आत घेण्यापूर्वी त्यांचे देठ तणनाशकाच्या द्रावणात बुडवितात, म्हणजे फूल टिकते पण देठ रुजत नाही. फुलाबरोबर रोग आला तरी त्याला नवे झाड मिळू नये, अशी ही शेवटची कडी. क्षणभर वाईट वाटले. परंतु फूल भेट म्हणून आले आहे, बिऱ्हाड करावयास नव्हे, हे मनाने मान्य केले.

मुंजीच्या दिवशी उपदेशाच्या वेळी मी नातवाला डब्याची गोष्ट सांगितली, 'नाही'च्या चौकटीतील खुणेसह. जमलेल्या मंडळींना ती अनुचित वाटली असावी. नातवाने मात्र एकच प्रश्न विचारला, "आजोबा, ते दोन किडे दिसले नसते तर?" मी म्हणालो, "तरी खूण चुकीचीच होती."

परत आल्यावर तळेगावी प्रथम त्या बाईंची गाठ घेतली आणि झाला प्रकार सांगितला. त्या पदर तोंडाला लावून पुष्कळ हसल्या. पुतण्याने त्या हंगामापासून पांढऱ्या कागदाचे काम माझ्याकडे दिले आहे.

आपल्या घरांतून आता लग्न-मुंजीच्या वेळी परदेशी फुले येतात. थायलंडची ऑर्किडे तर लहान गावांतील मांडवांतही दिसतात. यजमानीण बाईंना एवढीच विनंती, की समारंभानंतर ती फुले परसातल्या खताच्या ढिगावर किंवा गुलाबाच्या आळ्यात टाकू नयेत. पिशवीत बांधून कचऱ्यात द्यावीत. त्यांचे देठ हौसेने रुजवू नयेत. परदेशी जाताना फुले, बी, कलमे बरोबर नेऊ नयेत. नेलीच, तर पत्रकात खरे ते लिहावे. आणि रोज सकाळी देवासाठी फुले काढाल, तेव्हा प्रत्येक फूल तळहातावर एकदा झटकून पाहावे. मुलांना ते भिंगातून दाखवावे. आमच्या आईने दाखविले असते तर मेलबर्नला माझी फजिती झाली नसती, असे म्हणण्याचा मोह होतो. परंतु तिने सांगितले होते, ऐकले मी नाही.